हाली आणि कलदार : सोलापूर ते नळदुर्ग

आमच्या घरी पत्र्याचा एक जुना डबा आहे. रेशनकार्ड, लाइट बिलांच्या पावत्या, आज्जीचा मृत्यूचा दाखला असे महत्त्वाचे कागद त्यात असतात आणि तळाशी एका फडक्यात बांधलेली काही नाणी. यंदा भीमजयंतीच्या आधी घर झाडायला काढले, तेव्हा दहावीची परीक्षा देऊन मोकळ्या झालेल्या आमच्या लेकीने त्या फडक्याची गाठ सोडली. भोकाचा पैसा निघाला, चौकोनी पाच पैसे निघाले, १९९० साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त सरकारने काढलेला एक रुपया निघाला. हा रुपया आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी बुद्ध-भीमाच्या फोटोजवळ जपून ठेवलेला सापडेल. आणि निघाला एक काळपट पडलेला, कडा घासलेला चांदीचा रुपया. त्यावर चारमिनारचे चित्र, भोवती फारसी अक्षरे.

"पप्पा, हा कुठल्या देशाचा?" तिने विचारले.

मी म्हटले, देश हाच. आज्जीच्या गावचा रुपया. पण आपल्या सोलापुरात तो परका होता.

तिचा विश्वास बसेना. मग पुढच्या रविवारी मी, सौ. आणि लेक असे तिघे तो रुपया खिशात घालून एसटीने नळदुर्गला निघालो. त्या दिवसाची ही हकीकत आहे.

सोलापूर बसस्थानकातून हैदराबाद रस्त्याने गाडी निघाली. सौ.चे आणि लेकीचे अर्धे तिकीट. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीने महिलांना अर्धे भाडे लागते, त्यामुळे आमच्या वस्तीतील कितीतरी माता-भगिनी माहेरी जाऊन येऊ लागल्या आहेत. हिशेबात फार मोठी रक्कम नसेल, पण जिच्या हातात आठवड्याच्या विड्यांचे पैसे मोजून येतात तिला अर्धे भाडे म्हणजे काय ते विचारा. कंडक्टरने सवयीने "सुटे द्या, सुटे द्या" म्हटले आणि पुढच्या बाकावरच्या एका पोराने नुसता मोबाइल पुढे केला. पैसे गेले, तिकीट आले, नाणे वाजले नाही. ज्या भीम ॲपवरून आपली मुले पैसे पाठवतात, ते ३० डिसेंबर २०१६ रोजी सुरू झाले आणि त्याला बाबासाहेबांचे नाव आहे. रुपयाचा अभ्यास करून ज्यांनी लंडनची सर्वोच्च पदवी मिळवली, त्यांचे नाव रुपयाच्या देवघेवीला मिळाले. योग्य झाले, असे मला वाटते.

मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्यांनी भरलेल्या गाड्या उभ्या होत्या. पुढे बोरामणी, मग तांदूळवाडी. तांदूळवाडी मागे पडली की इटकळ लागते आणि आपण धाराशिव जिल्ह्यात येतो. आज गाडीतल्या कुणाला हद्द ओलांडल्याचे कळतही नाही. १९४८ पर्यंत मात्र ही दोन राज्यांची हद्द होती. सोलापूर इंग्रजांचे, नळदुर्ग, तुळजापूर, धाराशिव निजामाचे. हद्दीवर करोडगिरीचे नाके असत. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. डोक्यावरचे गाठोडे सोडून दाखवावे लागे. आणि रुपयाही हद्दीपाशी थांबे.

इकडच्या रुपयाला तिकडचे लोक कलदार म्हणत. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला तो कलदार. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ साली आपल्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला : वजन १८० ग्रेन, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. त्याच्या आधी आपल्या भागात चांदवडी, अंकुशी, हाली अशा नाना तऱ्हांचे रुपये आणि तांब्याची शिवराई चालत असे. प्रत्येक नाण्याची पारख करायची ती सराफाने, आणि प्रत्येक बदलीत कापून घ्यायचा तो बट्टा. "नावाला बट्टा लागला" असे आपण सहज म्हणतो, तो बट्टा सराफाच्या पेढीवरचा आहे.

इंग्रजी मुलखात कलदार आला आणि सगळी जुनी नाणी हळूहळू वितळली. निजामाने मात्र आपला रुपया सोडला नाही. त्याचे नाव हाली सिक्का. पुढे उस्मान अली खान गादीवर आल्यावर त्याला उस्मानिया सिक्काही म्हणू लागले. आमच्या नाण्यावर चारमिनारच्या कमानीत एक अक्षर आहे, ते उस्मान या नावातले पहिले अक्षर. १९१८ पासून तर हैदराबाद संस्थानाने स्वतःच्या कागदी नोटाही काढल्या. हाली रुपया कलदारापेक्षा वजनाला थोडा हलका आणि त्यात चांदीही कमी. म्हणून सरकारी दर असा की १०० कलदाराला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. हा आकडा पाहून घाबरू नये. साधा अर्थ एवढाच की सात हाली म्हणजे सहा कलदार.

आमची आज्जी अक्षरशत्रू होती, पण हा हिशेब तिला बोटांवर येत असे. "सात दिलं की सहा येतंय," असे ती म्हणायची. तिचे माहेर नळदुर्गच्या पलीकडच्या एका खेड्यात. तिच्या बापाला गावाकडून रोख पैसा कधी मिळालाच नाही. मिळायचे ते बलुते. गावकीची सगळी कामे करायची, मेलेले ढोर ओढायचे, सांगावा पोचवायचा आणि सुगीत खळ्यावर जाऊन उभे राहायचे. पायली मापणाऱ्याच्या मनाला येईल तेवढे धान्य पदरात. बलुत्याला दर नाही, पावती नाही आणि मागण्याचा हक्कही नाही. या माणसाने सडकेवर खडी फोडून, एक शेरडू विकून पस्तीस हाली रुपये जमवले. आज्जीचे लग्न सोलापुरात गिरणीत लागलेल्या मुलाशी झाले, तेव्हा ते पस्तीस रुपये त्याने तिच्या ओच्यात बांधून दिले. ही १९४४ च्या सुमाराची गोष्ट.

त्या खेड्यातल्या दुकानाची एक आठवण आज्जी वारंवार सांगे. दुकानदार आपल्या माणसांच्या हातातून पैसा घेत नसे. आणा-दोन आणे उंबऱ्याखाली दगडावर ठेवायचे. तो तांब्यातले पाणी त्यावर शिंपडायचा आणि मग उचलून गल्ल्यात टाकायचा. मीठ, मिरची वरून पदरात सोडायचा. मोड परत द्यायची तीही वरून टाकायचा. एखादा पैसा घरंगळून गटारात गेला तर तो आपला गेला. "माझ्या हातचा पैसा इटाळायचा," आज्जी म्हणायची, "पर पाणी मारलं की त्योच पैसा त्याच्या देवाम्होरं ताटात." लहानपणी आम्ही हे ऐकून हसायचो. आता हसू येत नाही.

सोलापुरात आल्यावर आज्जीने पहिले काम केले ते पैसे बदलण्याचे. इथे हाली रुपया दुकानात चालत नव्हता. आजोबांबरोबर ती एका सराफाच्या पेढीवर गेली. कोणती पेढी ते तिला कधी सांगता आले नाही आणि आता त्याचे कारणही नाही. सराफाने रुपये एकेक करून चाचपले. एक बाजूला काढला, "हा खोटा आहे" म्हणाला आणि परत दिला. राहिले चौतीस. सातला सहा या दराने एकोणतीस रुपये आणि वर दोन आण्यांहून थोडे जास्त व्हायला हवे होते. हातात पडले अठ्ठावीस. आजोबांनी विचारले तर उत्तर मिळाले, बट्टा. परत आलेला तो "खोटा" रुपया म्हणजेच आमच्या डब्यातला चारमिनार. बापाने खोटा रुपया दिला, याचे आज्जीला मरेपर्यंत वाईट वाटत होते. तो कुठे खर्चही झाला नाही आणि तिने तो टाकलाही नाही.

नळदुर्गला उतरलो तेव्हा ऊन तापले होते. किल्ला पाहण्यासारखा आहे. बोरी नदीचे पाणी अडवून तटाच्या आत घेतले आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली तो बांधला. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात. एप्रिलमध्ये नुसता दगड. पण पाणीमहालात शिरलो की बाहेरचे ऊन विसरायला होते. आदिलशाही गेली, मोगल आले, मग निजाम. १८५३ साली निजामाने कर्जापोटी हा भाग इंग्रजांकडे दिला आणि १८६० साली तो पुन्हा निजामाकडे गेला. म्हणजे इथल्या माणसाने सात वर्षांत दोनदा सरकार बदललेले पाहिले. किल्ल्याच्या इतिहासात लढायांची नावे असतात. त्या सात वर्षांत इथल्या बाजारात मिठाचा भाव कोणत्या रुपयात सांगत होते, हे कुणी लिहून ठेवत नाही.

पाणीमहालाच्या पायरीवर बसून आम्ही भाकरी आणि शेंगाची चटणी सोडली. लेकीने तिथे खरा प्रश्न विचारला. "सातला सहा हे कोण ठरवायचं?"

मी बी.कॉम.ला असताना पैसा आणि बँकिंग हा विषय होता. रुपयाची किंमत कशी ठरते हे त्या पुस्तकात होते, केन्ससाहेबांचे नाव होते, पण बाबासाहेबांचे नाव मला त्या पुस्तकात आढळले नव्हते. ज्यांनी याच विषयावर आख्खा ग्रंथ लिहिला त्यांचे नाव मी नोकरीला लागल्यावर, शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या ग्रंथांचा सहावा खंड हातात आल्यावर वाचले. इंग्रजी जड आहे. एकेक पान दोनदा वाचावे लागते. पण ज्याला आठवड्याच्या बाजाराचा हिशेब कळतो त्याला त्यातला गाभा कळू शकतो, असे माझे मत आहे. लेकीला सांगितला तसा इथे सांगतो.

पूर्वी कुणीही चांदी टांकसाळीत न्यावी आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत अशी सोय होती. म्हणजे रुपयाची किंमत चांदीच्या किमतीइतकी. १८७० नंतर जर्मनीने आणि इतर देशांनी चांदी सोडून सोने धरले, चांदी स्वस्त झाली आणि तिच्याबरोबर आपला रुपयाही. १८७१-७२ च्या सुमाराला एका रुपयाला सुमारे २३ पेन्स मिळत. १८९२-९३ मध्ये सुमारे १५ पेन्स. इंग्रज सरकारला विलायतेत पेन्शनी, व्याज वगैरे सोन्यात भरावे लागे, त्याची ओरड झाली. १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. आता रुपये पाडायचे ते फक्त सरकारने आणि रुपयाची किंमत आतल्या चांदीपेक्षा जास्त. पुढे केन्ससारखे विद्वान या व्यवस्थेची तारीफ करू लागले.

बाबासाहेबांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात याला विरोध केला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी.एस्सी.साठी लिहिलेला हा प्रबंध. प्रस्तावना त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांची. शिष्याची सगळी मते आपल्याला पटत नाहीत हे गुरूने प्रस्तावनेतच सांगितले आणि तरी त्याच्या विचारातला ताजेपणा मान्य केला. ग्रंथ अर्पण केला आहे आई-वडिलांच्या स्मृतीला, त्यांनी शिक्षणासाठी सोसलेल्या कष्टांबद्दल. बाबासाहेबांचे म्हणणे थोडक्यात असे. रुपये पाडणे सरकारच्या मर्जीवर सोडले तर सरकार गरजेप्रमाणे ते पाडत राहणार. रुपये वाढले की प्रत्येक रुपयाला माल कमी येणार. विलायतेच्या पौंडाशी दर टिकला म्हणजे रुपया टिकला असे नव्हे. देशातल्या बाजारात तो किती ज्वारी आणतो ते पाहा. म्हणून रुपये काढण्याला अशी पक्की मर्यादा घाला की सरकारचे हात बांधले जातील.

१९२५ साली हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन आले. १५ डिसेंबर १९२५ रोजी बाबासाहेबांनी त्याच्यापुढे साक्ष दिली. त्या वेळी रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स असावा की १ शिलिंग ६ पेन्स यावर मोठा वाद होता. कापड गिरण्यांचे मालक आणि बडे व्यापारी यांना दर खाली हवा होता. बाबासाहेबांनी विचारले ते असे की दर उतरवला तर फायदा कुणाचा आणि भुर्दंड कुणाला? रुपया उतरला की भाव चढतात, मजुरी तितक्या चपळाईने चढत नाही. म्हणजे व्यापाऱ्याला जो नफा होतो तो आभाळातून पडत नाही, मजुराच्या ताटातून जातो. केवढ्या मोठमोठ्या लोकांनी त्या कमिशनपुढे साक्षी दिल्या! त्यात मजुराचे ताट मोजणारा हा एक माणूस होता.

आपल्या सोलापूरकरांनी याच वर्षाची दुसरी तारीख लक्षात ठेवावी. ४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले आणि सोलापूर नगरपालिकेने त्याला अनुदान दिले. वर्षाच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह आणि वर्षाच्या शेवटी साऱ्या हिंदुस्थानच्या रुपयाबद्दल साक्ष. दोन्ही ठिकाणी एकच माणूस.

हे केवळ पुस्तकी नाही, म्हणून एक परदेशातला दाखला देतो. युरोपच्या आग्नेय भागात बल्गेरिया नावाचा देश आहे. त्याच्या चलनाचे नाव होते लेव, म्हणजे सिंह. १९९६-९७ मध्ये तिथल्या बँका बुडाल्या, नोटांना धरबंध राहिला नाही आणि १९९७ च्या एकट्या फेब्रुवारी महिन्यात भाव तिपटीहून वर गेले. कामगाराचा पगार घरी पोचेपर्यंत उतरलेला. अखेर १ जुलै १९९७ पासून कायद्याने बँकेचे हात बांधले : जेवढी परदेशी गंगाजळी तेवढेच लेव, आणि १००० लेवला एक जर्मन मार्क असा पक्का दर. दोन वर्षांनी तीन शून्ये पुसली. मग भाव ताब्यात आले. १ जानेवारी २०२६ पासून बल्गेरियाने युरो घेतला आणि सिंह इतिहासजमा झाला. बाबासाहेबांनी सांगितलेला उपाय आणि हा उपाय अगदी एक नाहीत. पण नोटा काढणाऱ्याचे हात मोकळे सोडू नयेत, हे मूळ सूत्र तेच.

सिंहावरून आठवले. आपल्या रुपयावरून इंग्रज राजाचे डोके गेले आणि १९५० साली तिथे सारनाथचे सिंह आले. तथागतांनी जिथे पहिला उपदेश केला तिथे सम्राट अशोकाने उभारलेल्या स्तंभाचे हे सिंह. मुलांना नाणे देताना हे जरूर दाखवावे. अनाथपिंडकाने जेतवनाची जमीन नाण्यांनी झाकून विकत घेतली आणि संघाला दान दिली, ही कथा आपण विहारात ऐकतो. भारहूतच्या शिल्पात गाडीतून नाणी उतरवून जमिनीवर मांडणारी माणसे कोरलेली आहेत. ती नाणीही चौकोनी आहेत, आमच्या डब्यातल्या पाच पैशासारखी!

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो, कार्यकर्त्यांनी राग मानू नये. जयंतीच्या भाषणांत दोन वाक्ये हमखास असतात. एक, रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली. हिल्टन यंग कमिशनने १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. त्या कमिशनपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली, एवढे निश्चित. पण त्यांच्या साक्षीचा मुख्य भर रुपयाच्या मर्यादेवर आणि दरावर आहे. दुसरे वाक्य २०१६ नंतर फार पसरले की दर दहा वर्षांनी नोटा बदलाव्यात असे बाबासाहेबांनी लिहिले. मी सहावा खंड दोनदा पाहिला, मला ते सापडले नाही. बाबासाहेबांनी जे लिहिले तेच इतके मोठे आहे की त्याला आपण पदरचे जोडण्याचे कारण नाही.

दुपारी गावात एका ओळखीच्या घरी गेलो. घरातले बाबा नव्वदीला टेकलेले, पण नजर शाबूत. मी रुपया त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि हसले. "हाली हाय की! सोलापूरला निघालं की बा म्हणायचा, कलदार बांधून घ्या, तिकडं ह्ये कुणी इचारत न्हाई." पोलीस ॲक्शननंतरही काही वर्षे दोन्ही रुपये चालत होते, मग हाली बंद झाला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९५७ साली, नवे पैसे आले, असे त्यांनी क्रमाने सांगितले. नव्या पैशाची गंमतही सांगितली. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. चार आण्यांचे पंचवीस सरळ जमले, पण एका आण्याचे सव्वासहा होतात. तो पाव पैसा कुणी द्यायचा? दुकानदार देताना सहा द्यायचा आणि घेताना सात मागायचा.

मग मी आज्जीच्या पेढीची गोष्ट सांगितली आणि हा रुपया खोटा निघाला होता असे म्हटले. बाबा काही बोलले नाहीत. उठून उंबऱ्यापाशी गेले, रुपया अंगठ्याच्या नखावर ठेवला आणि उडवून शहाबादी फरशीवर पाडला. खणखणीत आवाज आला. पुन्हा पाडला. तिसऱ्यांदा नातवाला पाडायला लावला.

"खोटा कुठला? खोटा बद्द वाजतोय. ह्यो कडंनं घासलाय नुसता. चांदीचाच हाय ह्यो."

सौ.ने तोंडाला पदर लावला. मला आज्जीचा चेहरा दिसत होता. पन्नासेक वर्षे ती बापाला मनातल्या मनात दोष देत राहिली, आणि तेवढी सगळी वर्षे हा रुपया आमच्याच डब्यात पडून होता. एकदा फरशीवर टाकून पाहण्याचे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आले नाही. पेढीवरचा माणूस खोटा म्हणाला म्हणजे खोटा, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

परतीच्या गाडीत सगळे गप्प होतो. सोलापूर आले तेव्हा दिवेलागण झाली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजी घेऊन बसणाऱ्या मावशीकडे थांबलो. तिच्याकडे मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू सगळ्या भाषांत पैसे मोजले जातात. आता तिच्या टोपलीलाही चौकटीचा कागद लावला आहे. पोरे मोबाइल दाखवतात आणि पैसे मुलाच्या खात्यात जातात. "माझ्या हातात काय येत न्हाई की," मावशी म्हणाली. "पोराला मागावं लागतंय." मी तिला नोटच दिली. २०१६ च्या नोव्हेंबरातही हीच मावशी आठवते. ८ तारखेला, मंगळवारी रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या विडी वळणाऱ्या भगिनी एकेक करून आमच्या दारात आल्या, कारण मी कारकून, मला फॉर्म भरता येतो. तांदळाच्या डब्यातून, उशीच्या अभ्र्यातून, बुद्धमूर्तीच्या मागून काढलेल्या नोटा. नवऱ्यापासून, दारूपासून वाचवलेला पैसा, मुलीच्या फीसाठी ठेवलेला. रांगेत उभे राहायचे तर दिवसाच्या विड्या बुडत होत्या. एकीच्या नोटा बदलून मिळाल्या, पण त्या आहेत हे नवऱ्याला कळले, आणि आठ दिवसांत त्या संपल्या. तिचा बट्टा कोणत्या दराने धरायचा?

घरी आल्यावर लेकीने वहीचे पान फाडले आणि हिशेब मांडला. पस्तीस हालीचे पाच सत्ते, म्हणजे पाच सहा तीस कलदार. मिळाले अठ्ठावीस.

"पप्पा, रुपया खरा होता म्हणजे पस्तीस पुरे धरायचे ना? मग आज्जीचे दोन रुपये येणे आहेत."

मी म्हटले, यातला एक आपल्याकडे आहे, त्याचे काय? ती थोडा वेळ विचार करत बसली. मग तिने चारमिनार चिंचेने घासून स्वच्छ केला, १९९० च्या रुपयाशेजारी फडक्यात ठेवला, हिशेबाची चिठ्ठी घडी करून आत घातली आणि गाठ मारली.